नशा सुटल्यानंतर मेंदूत जे उरते, त्याची दखल कोण घेणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने आपल्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, तयार करणारा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा सोलापूरकरांना बसलेला धक्का अजून ताजा आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे पोलिसांनी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभ येथे त्याहून कितीतरी मोठा साठा पकडला. वर्तमानपत्रांनी या कारवायांना ठळक जागा दिली, हे योग्यच झाले. परंतु या सगळ्या बातम्यांत माल किती किलोचा, किंमत किती कोटींची आणि आरोपी किती, एवढीच मोजदाद असते. जो माल पकडला जाण्याआधीच विकला गेला आणि ज्यांच्या शरीरात गेला, त्या तरुणांच्या मेंदूचे पुढे दोन, पाच, दहा वर्षांनी काय होते, याविषयी मात्र फारसे छापून येत नाही. त्याबद्दल चार गोष्टी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पूर्व भागात माझे औषधांचे दुकान आहे. मी डॉक्टर नाही, औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेली विक्रेती आहे. पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि ती घेऊन येणारे माणूस हे दोन्ही माझ्यासमोर रोज येतात. एकेकाळी ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन या, भास आणि संशय कमी करणाऱ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन आमच्याकडे मध्यमवयीन रुग्णांचे नातेवाईक येत. आता त्याच चिठ्ठ्यांवर विशी-बाविशीतल्या मुलांची नावे असतात, आणि त्या घेऊन येतात त्यांच्या आया.

त्यांपैकी एका माउलीविषयी, ओळख पटणार नाही एवढी काळजी घेऊन, सांगते. ती घरी विड्या वळते. मुलगा टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला होता. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मित्रांनी दिलेल्या पावडरीपासून सुरुवात झाली आणि दोनेक वर्षांत पगार, मोटारसायकल आणि आईचे गंठण असे सगळे त्यात गेले. शेवटी नातेवाइकांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. तीन महिन्यांनी तो घरी आला आणि त्यानंतर त्याने पावडरीला हात लावलेला नाही. तरीही शेजारचे लोक भिंतीआडून आपल्याविषयी बोलतात, असे त्याला वाटते. आईने आधी घास खाऊन दाखवल्याशिवाय तो ताटाला हात लावत नाही. मालकाने कामावर परत घेतले, तर तुटलेला धागा सांधायला तो वाकतो आणि आपण कशासाठी वाकलो हेच विसरून तसाच उभा राहतो. बाप म्हणतो, हा नाटके करतो. भावकी म्हणते, बाहेरचे काहीतरी आहे, अंगारा लावा. ओल्या तेंदूपानाचा वास येणाऱ्या हाताने चिठ्ठी पुढे करत त्या माउलीने मला विचारले, “अक्का, नशा तर सुटली की ओ, मग हे काय राहिलंय?”

हा प्रश्न एकट्या तिचा नाही, म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे द्यायला हवे.

मेफेड्रोन हे कॅथिनोन या उत्तेजकांच्या गटातले कृत्रिम रसायन आहे. ते मज्जातंतूंच्या टोकांना डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही मेंदूत निरोप्याचे काम करणारी द्रव्ये एकदम बाहेर टाकायला लावते आणि बाहेर पडलेली द्रव्ये परत आत घेण्याची वाटही अडवते. त्यातून येणारी तरतरी दोन-तीन तासांत ओसरते, म्हणून पुन्हा डोस घेतला जातो आणि अशा रीतीने एक रात्र, कधी दोन-दोन रात्री झोपेविना जातात. संशय, कानात आवाज येणे, कातडीखाली किडे फिरत असल्याचा भास होणे ही लक्षणे या काळात दिसू लागतात, आणि नशा उतरली की पुढचे काही दिवस माणूस खोल उदासीत जातो. ब्रिटनने या रसायनावर २०१० मध्ये बंदी घातली आणि आपल्याकडे ते २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले. एवढ्या अलीकडे बाजारात आलेल्या पदार्थाचे तीस वर्षांनंतरचे परिणाम कोणत्याही देशाने अद्याप पाहिलेले नाहीत. म्हणून डॉक्टर त्याच्या जवळच्या नात्यातल्या मेथॅम्फेटामिन या उत्तेजकाच्या अनुभवाकडे पाहतात.

तो अनुभव विचार करायला लावणारा आहे. मेथॅम्फेटामिनचे जड व्यसन असलेल्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेऊन अमेरिकेतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की डोपामिन परत आत घेणारी प्रथिने त्यांच्या मेंदूत बरीच कमी झालेली असतात. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ नशेपासून दूर राहिल्यावर ती पुष्कळशी वाढतात, पण स्मरणशक्ती आणि हालचाली यांच्या चाचण्यांत त्या प्रमाणात सुधारणा दिसत नाही. मेंदू सावरतो, हे यातले आशादायक. मात्र तो महिन्यांत सावरत नाही आणि सगळाच सावरतो असेही नाही. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेथॅम्फेटामिन वापरणाऱ्यांना पुढील आयुष्यात पार्किन्सन, म्हणजे कंपवात, होण्याचा धोका सुमारे पाऊणपट अधिक आढळला होता.

याहून जुना आणि आपल्या गावाच्या अधिक जवळचा वाटणारा दाखला जपानचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना आणि कारखान्यांतल्या कामगारांना जागे ठेवण्यासाठी तिथे मेथॅम्फेटामिनच्या गोळ्या दिल्या जात. युद्ध संपल्यावर त्या बाजारात आल्या, रात्रपाळीवाल्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांनी त्या घेतल्या आणि १९५१ मध्ये सरकारला त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्या रुग्णांचा पुढे दीर्घकाळ मागोवा घेतला. काहींचे भास आणि संशय नशा सोडल्यानंतरही महिनोन्महिने राहिले. काही जण पूर्ण बरे झाले, पण अगदी थोडी मात्रा पुन्हा घेतली, किंवा नशा न करताही नुसता मानसिक ताण आला, तरी आजार पहिल्यासारखाच उफाळून येई. रात्रपाळीत झोप मारण्यासाठी ‘थोडीशी’ घेणाऱ्या आपल्या यंत्रमाग कामगारांनी आणि लांबच्या पल्ल्याच्या ट्रकचालकांनी हा इतिहास जरूर जाणून घ्यावा. बारा-बारा तासांच्या पाळ्या लावणाऱ्या मालकांनीही तो जाणून घ्यावा, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या उपचारांची नोंद राष्ट्रीय पातळीवर राहते. नशेमुळे ज्यांना एकदा मनोविकाराचा झटका आला, अशा हजारो रुग्णांच्या तिथल्या वीस वर्षांच्या नोंदी २०१८ मध्ये तपासून प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश रुग्णांना पुढे स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रमांचा मनोविकार) किंवा बायपोलर (टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी यांचे फेरे) हा कायमस्वरूपी आजार जडल्याचे दिसले, आणि हे प्रमाण गांजामुळे झटका आलेल्यांत सर्वाधिक, म्हणजे निम्म्याच्या आसपास होते. ज्यांना स्किझोफ्रेनिया झाला, त्यांपैकी निम्म्यांना तो पहिल्या सुमारे तीन वर्षांत झाला. आपल्याकडच्या केंद्रांतून मुलगा तीन महिन्यांत ‘बरा होऊन’ घरी येतो. ज्या तीन वर्षांत त्याच्यावर सर्वाधिक लक्ष हवे, ती त्यानंतर सुरू होतात आणि त्या काळात त्याच्याकडे पाहायला आईखेरीज कोणी नसते.

इथेच एक मोठी गफलत होते आणि ती मी काउंटरच्या या बाजूने सतत पाहते. डॉक्टरांनी भास आणि संशय कमी करणारे औषध लिहून दिलेले असते. महिन्याभरात मुलगा शांत होतो, झोपू लागतो, आणि घरातले कोणीतरी म्हणते, “एक नशा सोडवली आणि दुसरी लावली, बंद करा त्या गोळ्या.” गोळ्या बंद होतात. काही आठवड्यांनी मुलगा पुन्हा खिडक्या बंद करून बसतो. या औषधांमुळे वजन वाढते, अंग जड वाटते, कधी हात थरथरतात. हे त्रास खरे आहेत आणि ते डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलून घेता येते. परंतु ही औषधे नशा आणत नाहीत आणि त्यांची तलफही लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची. त्याच गोळ्या लोक बिनदिक्कत मागून नेतात आणि आमच्याच व्यवसायातले काही जण त्या बिनचिठ्ठीने देतात, याचा मला मनापासून संताप आहे. २०१४ पासून सवय लावणाऱ्या या गोळ्या औषध नियमांच्या एच-१ या परिशिष्टात आहेत, त्यांच्या प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. ती वही तपासली जाते का, हे अन्न व औषध प्रशासनाने सोलापूरकरांना सांगावे.

गांजाविषयी बोलताना मला नेहमी एक उत्तर मिळते, की साधू-बैरागी जन्मभर चिलीम ओढतात, त्यांना कुठे काय होते? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये याच प्रश्नासाठी भांग-गांजा आयोग नेमला होता. गांजामुळे वेड लागल्याच्या वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी त्याने एकेक तपासल्या, त्यांतल्या पुष्कळ संशयास्पद ठरवल्या आणि माफक सेवनाने मनावर दुष्परिणाम होत नाही, अतिसेवनाने होतो, असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष बेफिकिरीसाठी वापरणाऱ्यांनी त्यातला ‘अतिसेवन’ हा भागही वाचावा. त्यानंतरच्या शतकात जे कळले ते बरेच अधिक नेमके आहे. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करी भरतीसाठी आलेल्या सुमारे पंचेचाळीस हजार तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका, गांजा न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, सहापट आढळला. हा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील आणि ब्राझीलमधील अकरा ठिकाणी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज जहाल गांजा ओढणाऱ्यांमध्ये मनोविकाराची शक्यता जवळजवळ पाचपट दिसली. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अडतिसाव्या वर्षापर्यंत अभ्यास झाला, तेव्हा किशोरवयात गांजा सुरू करून पुढे तो सोडू न शकलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी आठ गुणांपर्यंत घसरलेला दिसला. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी या शेवटच्या निष्कर्षावर शंका घेतली आहे आणि ती शंकाही इथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पण वय कमी, मात्रा जास्त आणि वापर रोजचा या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, याला या सगळ्या अभ्यासांतून दुजोरा मिळतो. निर्णय घेणारा आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि आपल्याकडची मुले नववी-दहावीतच चिलमीपाशी पोहोचतात.

त्याहून लहान मुलांचा विषय आणखी वेदनादायक आहे. २०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एकच नशा अशी निघाली, जी मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये अधिक आहे. ती म्हणजे हुंगण्याची. दहा ते सतरा वर्षे वयोगटात तिचे प्रमाण १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. आपल्या रेल्वे स्थानकाच्या परिसरात रुमालाचा बोळा नाकाशी धरून बसलेली मुले पाहिली नाहीत, असा सोलापूरकर विरळा. पंक्चरचे सोल्युशन, थिनर यांत असणारे टोल्युइन हे चरबीत विरघळणारे द्रव्य आहे, आणि मेंदूतील तंतूंवरचे आवरण चरबीचेच असते. वर्षानुवर्षे हुंगणाऱ्यांमध्ये हे आवरण झिजते व ती झीज एमआरआयमध्ये दिसते. चाल लटपटते, हात कापतात, वास येईनासा होतो, विचार मंदावतो. यातले सगळे परत मिळवून देणारे औषध माझ्या दुकानात नाही आणि इतर कोणाच्याही नाही.

बेकायदा कारखान्यांचा आणखी एक धोका असा, की पुडीत नेमके काय उतरले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात घरगुती प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम हेरॉइनमध्ये चुकून तयार झालेल्या एमपीटीपी या रसायनामुळे तरुण माणसे काही दिवसांत पार्किन्सनच्या जख्ख रुग्णांसारखी ताठरली होती. मेफेड्रोनचाच भाऊबंद असलेले मेथकॅथिनोन पोटॅशियम परमँगनेट वापरून घरी बनवून शिरेतून टोचून घेणाऱ्या लॅट्वियातील रुग्णांच्या मेंदूत मँगनीज साचल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे बोलणे आणि चालणे बिघडले, आणि नशा सोडल्यावरही ते फारसे सुधारले नाही.

आता आमच्या भागातल्या, ज्याला कोणी नशा म्हणायलाही तयार नसते अशा पेयाविषयी. क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारे रसायन किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड घातलेली ताडी ही तेलंगणातली आणि तिच्या सीमेलगतची जुनी डोकेदुखी आहे, आणि आमच्याकडील अनेक घरांचे सोयरे तिकडचेच असल्याने ती आम्हाला परकी नाही. २०१५ मध्ये तेलंगणात अशा ताडीवर अचानक कडक कारवाई झाली, तेव्हा रोज पिणाऱ्यांना फिट्स येऊ लागल्या, ते असंबद्ध बडबडू लागले आणि रुग्णालयांत गर्दी झाली. झोप आणणाऱ्या द्रव्यांची आणि दारूचीही जुनी सवय एका दिवसात तोडली, तर जिवावर बेतू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायची असते. घरात कोंडून ठेवून ‘उतरवणाऱ्या’ कुटुंबांना हे कोणी सांगितलेलेच नसते. दारूने पोखरलेल्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व उरत नाही. ते वेळेवर इंजेक्शनने मिळाले नाही, तर स्मृती कायमची जाऊ शकते, आणि हे इंजेक्शन महागही नसते.

कायद्याची भीती हे उपचार लांबण्याचे मोठे कारण आहे. दवाखान्यात नेले तर पोलीस येतील, असे पालकांना वाटते. अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. या तरतुदीची माहिती प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर असायला हवी. त्याचप्रमाणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारांतच धरले आहे आणि अशा रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. वर सांगितलेल्या मुलाला ज्या केंद्रात ठेवले होते, तिथून बाहेर पडताना त्याच्या आईच्या हातात ना औषधांची यादी दिली गेली, ना पुन्हा कोणाला दाखवायचे याची चिठ्ठी. भरलेल्या पैशांची पावती तेवढी मिळाली.

त्यामुळे माझ्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. जिल्ह्यातील प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाला सोडताना लेखी उपचारपत्र द्यावे आणि त्याची प्रत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जावी, म्हणजे पुढची तीन वर्षे त्याचा पाठपुरावा शक्य होईल. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाला मनुष्यबळ देऊन आठवड्यातून एक तरी संध्याकाळचा बाह्यरुग्ण विभाग सुरू करावा. कारण विड्या वळणाऱ्या बाईने सकाळची रांग धरली, तर तिची दिवसाची मजुरी बुडते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत भास आणि संशय कमी करणारी औषधे नियमित उपलब्ध असावीत. आणि ‘लग्न करून दिले की ताळ्यावर येईल’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती, की आजारी मेंदूवरचा उपाय म्हणून कोणाची मुलगी आणू नका.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक मागणे आहे. अमली पदार्थ पकडल्याची बातमी जेव्हा जेव्हा छापाल, तेव्हा तिच्याखाली व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ हे दोन्ही ठळक अक्षरांत द्यावेत. दोन्ही निःशुल्क आहेत, आणि टेलि-मानसवर मराठीतून बोलता येते.

आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती,
पूर्व भाग, सोलापूर